विंचवाचं बिऱ्हाड, ट्रकच्या पाठीवर!

सेकंडहँड कॅम्पर, गळकं छप्पर, पुण्याहून आलेले बाबा आणि डेन्व्हरमधला एक घामट उन्हाळा...

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर तुमच्या ऑफिसात काय सीन असतो? कुणी लोणावळ्याचं जमवतंय, कुणी काशीदची रूम फोनवर फायनल करतंय आणि एखादा बिचारा सोमवारच्या रिलीजचं तोंड बघत बसलाय. डेन्व्हरला आमच्या ऑफिसातही अगदी हेच चालतं. लोणावळ्याच्या जागी मोआब किंवा लेडव्हिल, एवढाच काय तो फरक. प्रश्नही तोच. रूम मिळतेय का आणि केवढ्याला?

यावर इथल्या लोकांचा जुना तोडगा म्हणजे ट्रक कॅम्पर. ट्रक म्हटल्यावर डोळ्यांसमोर 'हॉर्न ओके प्लीज'वाला दहाचाकी आणू नका. इथे पिकअपला ट्रक म्हणतात. त्याच्या मागच्या उघड्या हौद्यात एक अख्खं घर बसवायचं. घर कसलं, डबाच तो! पण त्यात पलंग असतो, शेगडी असते, फ्रीज असतो, बेसिन असतं, हीटरसुद्धा असतो. एरवी हा डबा अंगणात चार जॅकवर उभा. जायचं ठरलं की ट्रक रिव्हर्स घेत त्याच्या पोटाखाली न्यायचा, जॅक उतरवायचे, साखळ्यांनी आवळायचं आणि सुटायचं. परत आलो की डबा खाली, आणि सोमवारी त्याच ट्रकने ऑफिस. वेगळं इंजिन नाही की मागे ओढायचं लटांबर नाही.

हे खूळ आजचं नाही. जॉन स्टाइनबेक 1960 साली असाच कॅम्पर ट्रकवर चढवून, चार्ली नावाच्या कुत्र्याला शेजारी बसवून अमेरिका बघायला निघाला होता. ट्रकचं नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून 'रोसिनान्ते' ठेवलं. कॅलिफोर्नियात सलिनासच्या म्युझियममध्ये तो ट्रक आजही उभा आहे. शिवाय इकडे पश्चिमेला सरकारी मोकळी जमीन अफाट. तिच्यावर बऱ्याच ठिकाणी फुकट मुक्काम करता येतो, साधारण अठ्ठावीस दिवसांत चौदा दिवसांपर्यंत. बुकिंग नाही, चेक-आउट टाइम नाही. सही ना?

सहीच! फक्त या सगळ्याचं भाडं शनिवारी अंगणात, हातात पाना घेऊन भरायचं असतं.

आमचा कॅम्पर 2006 चा. 2022 च्या शेवटी आम्ही तो घेतला. समोरचा वरचा कोपरा गळतो, हे मालकाने आधीच सांगितलं होतं आणि त्यामुळेच तो आमच्या बजेटमध्ये बसला. एका दुकानात दुरुस्तीचं एस्टिमेट काढलं तर आकडा कॅम्परच्या किमतीच्या वर! इथे माणसाचा तास महाग, वस्तू स्वस्त. म्हणजे काम घरीच करायचं. नवरा डेटाबेसवाला, मी टेस्टर. दोघांचं मिळून हत्यारांचं ज्ञान फर्निचरसोबत फुकट येणाऱ्या त्या वाकड्या किल्लीपुरतं.

2023 च्या मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आले आणि गोष्ट बदलली. बाबांनी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमध्ये बॉडी सेक्शनला तीस वर्षं काढलीत. पत्रा, रिवेट, लाकूड, रबर हे सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. ऑगस्टमध्ये चौघांनी कॅम्पर घेऊन जायचं ठरलं आणि त्या डब्याकडे बघायची माझी नजरच बदलली. आपण दोघं असतो तेव्हा 'चलता है' चालतं. पण जिथे आई-बाबा झोपणार, तिथे गॅस, बॅटरी, हीटर सगळं हाताच्या अंतरावर आहे म्हटल्यावर झोप उडते.

आधी गळती, मग रोषणाई

नवऱ्याने ऑनलाइन कार्टमध्ये सोलर पॅनल टाकून ठेवलं होतं. बाबांनी कॅम्परला एक प्रदक्षिणा घातली, चपला काढून शिडीने वर चढले, खाली येऊन कोपरा अंगठ्याने दाबला. मग टकटक करत बोटं भिंतीवरून फिरवली. "जावईबापू, आधी गळती, मग रोषणाई," एवढंच म्हणाले. सोलर पॅनल कार्टमध्येच राहिलं.

हे डबे आतून लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर उभे असतात. बाहेरून पत्रा किंवा फायबर, आतून पातळ पॅनल, मध्ये फोम. छपरावर सलग रबरी चादर. चादर सहसा दगा देत नाही. दगा देतात ती भोकं. व्हेंटचं भोक, पंख्याचं भोक, अँटेनाचं भोक, आणि कडेच्या पट्टीला मारलेले शे-दीडशे स्क्रू. प्रत्येक भोकावर सीलंटचा थर असतो. डेन्व्हर 1,609 मीटर उंचीवर, इथलं ऊन कडक. त्या उन्हाने सीलंट वाळून तडकतं. तडीत पाणी जातं, रात्री गोठतं, गोठल्यावर फुगतं आणि केसाएवढी चीर नखाएवढी होते. त्यात कच्च्या रस्त्यावर ट्रक वेडावाकडा होतो तसा डबाही पिळवटतो. पाणी आत शिरलं की स्क्रूच्या अंगाने थेट लाकडात.

"अगं, पाणी दिसतं एकीकडे, शिरतं भलतीकडे," बाबा म्हणाले. डाग पलंगाच्या उशाशी होता, चीर निघाली तीन फुटांवर, छपरावरच्या दिव्याच्या बुडाशी.

आतलं पॅनल उघडलं तर पट्टी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली. जिथे सुई टोचल्यावर लाकूड कडक लागलं, तिथपर्यंत आम्ही कापत गेलो. मग पंधरा दिवस काहीच केलं नाही! म्हणजे टेबलफॅन लावला आणि वाट बघितली. ओलं लाकूड बंद केलं तर आतल्या आत पुन्हा कुजणार. डेन्व्हरची हवा कोरडी, ओठ फुटतात, पण इथे तीच कामाला आली. त्यानंतर नवीन पट्ट्या गोंद आणि स्क्रूने जुन्यांना जोडल्या, फोम भरला, पॅनल बसवलं. बाहेरच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप टाकला. हा करड्या च्युइंगगमसारखा चिकट रोल असतो. पट्टी आवळली की तो दबून बाजूने बाहेर येतो, जादा भाग प्लास्टिकच्या पट्टीने काढायचा. लोखंडी पत्ती वापरली तर रबर फाटतं. गंजक्या स्क्रूंच्या जागी स्टेनलेसचे मारले. सगळ्यात वर सीलंट. सपाट जागी स्वतःहून पसरणारं, उभ्या जागी न ओघळणारं. ट्यूब वेगळ्या असतात, नाव वाचून घ्या.

आणि सिलिकॉन? बाथरूमच्या टाइल्सना ठीक, इथे नको. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागेवर पुढे दुसरं काहीच नीट चिकटत नाही. आधीच्या कुणीतरी ते सढळ हाताने लावलेलं होतं. बाबा चार संध्याकाळी ते खरवडत बसले होते आणि त्या अज्ञात इसमाचा अस्सल पुणेरी उद्धार चालू होता.

शेवटी टेस्टिंग, म्हणजे माझा प्रांत. नळी घेऊन पाणी मारायचं ते खालून वर. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग छप्पर. प्रत्येक जागी काही मिनिटं थांबायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळतच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे ऑफिसात मी नव्या पोरांना रोज सांगते. बाबांना सांगावं लागलं नाही.

आता वर्षातून दोनदा, हिवाळ्याआधी आणि नंतर, शिडी लावून सगळे जोड बघायचे. मृगाआधी आपण गच्चीला डांबर नाही का मारत? तसंच.

वजनकाटा खोटं बोलत नाही

ट्रकच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती किलो, हे त्यावर छापलेलं. आमच्या ट्रकचा आकडा साधारण 1,500 किलो. कॅम्परवरच्या पाटीवर वजन 975 किलो. मग काय, भरपूर जागा! असं वाटतं. आता बेरीज करा. पाण्याची टाकी तीस गॅलन, म्हणजे 114 किलो. गॅसचे दोन भरलेले सिलिंडर 34. बॅटरी 30. चार माणसं 280. गाद्या, भांडी, धान्य, हत्यारं आणि आईची लोणच्याची बरणी धरून 120. झाले 1,553!

यावर इथे लोक 'एअरबॅग स्प्रिंग टाक' असा सल्ला छातीठोकपणे देतात. हवेच्या त्या फुग्यांनी ट्रकचं बूड वर उचललं जातं, डोलणं कमी होतं, दिसायला छान दिसतं. पण ब्रेक, ॲक्सल, टायर तेच राहतात आणि स्टिकरवरचा आकडा एका किलोनेही वाढत नाही. दहा हजार फुटांच्या घाटातून उतरताना गाडी थांबवायचं काम फुगे करत नाहीत.

हायवेवरच्या ट्रक-स्टॉपला वजनकाटा असतो. थोड्या पैशांत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. मागच्या ॲक्सलची मर्यादाही दाराच्या चौकटीवरच असते आणि कॅम्परवाले बहुतेक तिथेच अडकतात. आम्ही सगळं सामान भरून काटा केला आणि निर्णय घेतला. आई-बाबा मागून कारने येणार, नवरा ती चालवणार, ट्रक मी. टाकी अर्धीच भरायची. आई म्हणाली, "बरं झालं, कारचा एसी चांगलाय."

टायरचंही इथेच सांगून टाकते. टायरच्या बाजूला 'डीओटी'ने सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे बनल्याचा आठवडा आणि वर्ष. 2315 असेल तर 2015 चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं. आमच्यातले दोन असेच म्हातारे निघाले, बदलले.

बांगड्या काढा, मग बॅटरीला हात लावा

आता नवऱ्याचा लाडका विषय. जुन्या कॅम्परमधले दिवे म्हणजे गाडीतल्या बल्बचेच भाऊबंद, एकेक साधारण 18 वॅटचा. आमच्याकडे सहा. सगळे लावले तर 108 वॅट. जुनी 100 ॲम्पिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी दिसते मोठी, पण निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. म्हणजे हाताशी साधारण 600 वॅट-अवर. दिव्यांवरच पाच-साडेपाच तासांत खलास. त्याच होल्डरमध्ये दोन-दोन वॅटचे एलईडी लावले की तीच बॅटरी दोन दिवस चालेल. दहा मिनिटांचं काम, ना वायर कापायची ना सोल्डर. कॅम्परमध्ये एकच अपग्रेड करायचं असेल तर हे करा.

लिथियम बॅटरी नंतर आली. लिथियम आयर्न फॉस्फेटची. तेवढ्याच क्षमतेला 13 किलोच्या आसपास आणि जवळजवळ सगळी वापरता येते. पण तिचे नखरे आहेत. शून्य अंशाच्या खाली ती चार्ज करायची नाही, कायमचं नुकसान होतं. म्हणून आम्ही ती बाहेरच्या कप्प्यातून काढून आत, बाकड्याखाली ठेवली. लेड-ॲसिडचं असं करता येत नाही, चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. ट्रकच्या अल्टरनेटरला लिथियम सरळ जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून बसतो. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. आणि बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. पुढे वायर कुठे घासली तर जळायचा तो फ्यूज जळावा, डबा नव्हे.

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणून बिनधास्त राहू नका. पाना चुकून दोन्ही टर्मिनलना टेकला तर ठिणग्या उडतात, आणि मध्ये अंगठी असेल तर ती क्षणात लालबुंद होते. मी अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवल्या आणि मंगळसूत्रही. आईने भुवया उंचावल्या. बाबा म्हणाले, "वर्कशॉपात आमचा पहिला नियम होता हा." विषय संपला.

ज्याचं खरं टेन्शन होतं

ते गॅसचं. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेनचं मिश्रण असतं. इथे नुसता प्रोपेन. कारण साधं आहे, थंडीत शून्याच्या आसपास ब्यूटेनचा वायू व्हायचाच थांबतो, प्रोपेन मात्र उणे चाळीसच्याही खालपर्यंत दम धरतो. शेगडी, हीटर, गिझर, फ्रीज सगळं त्याच्यावर.

प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडे येतात का बघायचं. काडी पेटवून बघणारे महाभाग अजून आहेत म्हणे, त्यांच्यापासून लांब राहा. शेगडीच्या नळीच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. जोड सोडवून, साफ करून, पिवळा गॅस-टेप गुंडाळून पुन्हा आवळला, तेव्हा थांबले. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा अलार्म गुडघ्याच्याही खाली असतो. आमचा अलार्म हिरवा दिवा लावून छान बसला होता. उलटा करून पाहिला तर मुदत कधीच संपलेली! आतला सेन्सर साधारण पाच ते सात वर्षांत निकामी होतो, दिवा मात्र लागत राहतो. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचंही तसंच, त्यालाही एक्स्पायरी असते. या वायूला वास नाही, रंग नाही. दोन्ही अलार्म नवे घेतले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

हीटरच्या धुराड्यात गांधीलमाशीने मातीचं घर केलेलं निघालं. इथे हे नेहमीचंच. धुराडं बुजलं की ज्योत पिवळी होते आणि नको तो वायू तयार होतो. ज्योत निळी हवी. घर काढलं, ब्रशने साफ केलं, तोंडावर त्याच मॉडेलसाठी मिळणारी जाळी लावली. घरगुती जाळी ठोकू नका, हवा कोंडते. आणि थंडी वाजली म्हणून शेगडी पेटवून झोपणं, अजिबात नाही. छपराची खिडकी रात्री बोटभर उघडी ठेवायची. चार माणसांच्या श्वासाची वाफ भिंतीवर जमते, तीही त्यातून जाते.

बाबांचं सगळ्यात आवडतं काम मात्र भलतंच निघालं. कॅम्परची मागची शिडी उभी, पायऱ्या अरुंद. आईचे गुडघे असे-तसेच. त्यांनी आठवडाभर खपून रुंद, खरखरीत पायऱ्यांचा जिना केला आणि दाराशी मूठ लावली. मुठीसाठी आधी आतला सांगाडा टकटक करून शोधला, कारण नुसत्या पत्र्यात स्क्रू मारला तर माणूस मुठीसकट खाली येतो. ही मूठ कुठल्याही कॅटलॉगात मिळाली नसती.

पुण्या-मुंबईत बसून तुमचेही हात शिवशिवत असतील तर एक सांगते. महाराष्ट्रात कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण 2021 साली आलं, पण आपल्या गाडीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. आधी आरटीओ, मग ड्रिल मशीन.

ऑगस्टमध्ये आम्ही ग्रेट सँड ड्यून्सला गेलो. उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत उंच वाळूच्या टेकड्या. मुक्काम झपाटा फॉल्सजवळ, नऊ हजार फुटांवर. शेवटचा रस्ता कच्चा, डबा खडखडत होता आणि मी आरशात बघत होते, मागे कारमध्ये बाबाही खिडकीतून मान काढून डब्याकडेच बघतायत. रात्री दोनला पाऊस आला. कोलोरॅडोत जुलै-ऑगस्टला मान्सूनच असतो, गडगडाटासह. आम्ही दोघं वरच्या पलंगावर, आई-बाबा खाली टेबल मोडून केलेल्या गादीवर. अंधारात बाबा उठले, हात उंचावून तळवा कोपऱ्यावर फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. आईने झोपेतच विचारलं, "काय हो?" "काही नाही, झोप. कोरडंय."

सप्टेंबरात ते परत गेले. ऑक्टोबरमध्ये मी टाक्या रिकाम्या केल्या, गिझर बायपास केला, नळांतून गुलाबी अँटीफ्रीझ येईपर्यंत पंप चालवला, म्हणजे हिवाळ्यात पाइप फुटत नाहीत. सोलर पॅनलही बसलं, व्हिडिओ कॉलवर बाबांच्या देखरेखीखाली. मागचा उजवा जॅक अजून कुरकुरतो, त्याचं ग्रीस बाकी आहे. गेल्या रविवारी कॉलवर त्यांना छपराचा फोटो दाखवला तर चष्मा वर करून म्हणाले, "व्हेंटच्या डाव्या कडेला काय आहे ते? शिडी लाव, वर चढ आणि मला जवळून दाखव."